वाचकांचे प्रश्न : मॉडेल रॉकेट

प्रश्न : १०० ग्रॅमच्या रॉकेटमध्ये सी६-७ मोटर (इंधन भरलेली पुठ्ठ्याची नळी) घातली. रॉकेट वर जाऊन उलटलं आणि वेगानं खाली येताना पॅराशूट उघडलं. दोरीनं बॉडी ट्यूब उभी चिरली. पॅराशूट उशिरा का उघडलं? (ऑस्टिन, टेक्सास)

उत्तर : मोटरनं आपलं काम वेळेवर केलं, निवड चुकली. ‘सी’ म्हणजे एकूण आवेग ५ ते १० न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी रेटा न्यूटनमध्ये, आणि ७ म्हणजे इंधन जळून संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकणारी दारू पेटेपर्यंतचे सेकंद. हलकं रॉकेट तेवढा वेळ वर जात राहतं. तुमचं जड रॉकेट त्याआधीच शिखर गाठून खाली वळलं. त्या वेगात पॅराशूट उघडलं की दोरी पुठ्ठ्याला करवतीसारखी कापते. सी६-३ वापरा. मात्र १०० ग्रॅम हे तिच्यासाठीही काठावरचंच वजन, म्हणून वारा असलेल्या दिवशी उडवू नका. मोटरच्या पाकिटावर कमाल वजन दिलेलं असतं. रॉकेट मोटरसकट तोलून त्याच्याशी ताडून पाहा, किटच्या खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. रंग आणि गोंद मिळून बरेच ग्रॅम वाढवतात.

वॅडिंगही, म्हणजे मोटर आणि पॅराशूट यांच्यामध्ये घालायचा न पेटणारा कागदही पाहा. ट्यूबच्या व्यासाच्या दीड ते दोन पट खोलीइतकं, सैल घालायचं. कमी पडलं तर प्लॅस्टिकचं पॅराशूट वितळून चिकटतं, ठासून भरलं तर ते बाहेरच येत नाही. पॅराशूटची घडी उड्डाणाच्या जरा आधीच घाला. आदल्या रात्री घातलेली घडी तशीच बसते. थंडीत तिला थोडी टाल्कम पावडर लावा. नोजकोन (रॉकेटचं टोकदार टोपण) धरून रॉकेट उचललं तर ते गळून पडू नये, पण हलक्या झटक्यानं सुटावं.

प्रश्न : बटण दाबलं, काहीच झालं नाही. लगेच जवळ जाऊन पाहिलं तर चालेल का? (ऑस्टिन, तेच वाचक)

उत्तर : नाही. आधी बटणाच्या पेटीची सेफ्टी की काढा, बॅटरी तोडा आणि ६० सेकंद थांबा. त्यानंतरच जवळ जा. बहुतेक वेळा इग्नायटरचं (मोटर पेटवणाऱ्या तारेचं) टोक इंधनाला टेकलेलंच नसतं. नाहीतर त्याला लावलेल्या दोन क्लिप एकमेकींना किंवा लाँच रॉडला (रॉकेट ज्यावर उभं असतं त्या सळईला) लागून शॉर्ट झालेलं असतं, किंवा सेल उतरलेले असतात. ‘डी’पर्यंतच्या मोटरला किमान १५ फूट, त्यापुढच्यांना ३० फूट अंतर ठेवा.

प्रश्न : मोटरी दोन उन्हाळे गॅरेजमध्ये पडून आहेत. वापराव्यात का? (टेक्सास, दुसरे वाचक)

उत्तर : आमच्या मते नको. काळ्या दारूच्या मोटरमध्ये इंधन एकसंध ठोकळ्याचं असतं. वारंवार तापून-थंडावून त्याला भेगा पडतात किंवा ते पुठ्ठ्याच्या नळीपासून सुटतं. मग एकदम जास्त पृष्ठभाग पेटतो, दाब वाढतो आणि मोटर फुटते. जोरात खाली पडलेल्या मोटरीचंही तेच. त्या कापून उघडू नका. पाण्यात भिजत ठेवून नळी उलगडली की मग टाका.

प्रश्न : अमेरिकेहून येणाऱ्या भावाला बॅगेतून मोटरी आणायला सांगू का? (पुणे)

उत्तर : मुळीच नाही. मॉडेल रॉकेटच्या मोटरी विमानात चेक-इन किंवा हातातल्या, कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. भारतात स्फोटकांच्या आयातीला परवाना लागतो. तो देणारी संस्था म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेली पेसो, केंद्र सरकारची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. दिवाळीच्या बाणातली दारू काढून नळीत भरण्याचा विचारही नको. तिचा रेटा किती हे कुणालाच ठाऊक नसतं. विद्यार्थी असाल तर इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अंतराळ संस्थेची मॉडेल रॉकेट स्पर्धा पाहा. २०२५ मध्ये ती उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात झाली.

घरी करायचं तर पाण्याचं रॉकेट करा. बाटली सोडा किंवा कोल्ड्रिंकचीच घ्या, साध्या पाण्याची पातळ असते. तिसरा हिस्सा पाणी भरा. त्याहून जास्त भरलं तर जोर देणाऱ्या हवेला जागाच उरत नाही. मीटर असलेल्या सायकल पंपानं ३ ते ४ बारपर्यंतच हवा भरा. ओरखडा किंवा पांढुरकी रेघ दिसली की बाटली बाद. गरम गोंद टाळा, त्यानं प्लॅस्टिक कमकुवत होतं. पंख चिकटपट्टीनंच बसवा. आणि शेतात वरून महावितरणच्या तारा जात असतील तर जागा बदला. तारेवर अडकलेलं रॉकेट तिथंच सोडायचं, काठीनं काढायला जायचं नाही.