‘रीअॅब्सॉर्ब’ हे इंग्रजी क्रियापद नक्की कुठे आणि कसं वापरतात?

तुमची अडचण अशी दिसते: जीवशास्त्राच्या पुस्तकात या शब्दाला ‘पुनःशोषण’ म्हटलंय, आणि तोच शब्द कंपन्यांच्या किंवा कामगारांच्या बातमीतही येतो. मग ‘पुन्हा शोषणे’ हा अर्थ तिथे बसवायचा कसा?

घोळ ‘री’मुळे होतो. आपण त्याचा अर्थ ‘दुसऱ्यांदा’ असा घेतो. इथे तो बहुतेक वेळा ‘परत’ असा आहे, म्हणजे माघारी. एखादी गोष्ट आधी आत होती, बाहेर पडली आणि जिथून निघाली तिथेच परत सामावली, की ‘रीअॅब्सॉर्ब’. ती नव्याने बाहेरून आली असेल तर नुसतं ‘अॅब्सॉर्ब’.

स्वयंपाकघरात हे चटकन कळतं. गुलाबजाम पाक पितो, पण तो पाक गुलाबजामचा कधीच नव्हता, तिथे ‘अॅब्सॉर्ब’. तव्यावरची गरम भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर तिचीच वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि भाकरीत परत मुरते, भाकरी ओलसर पडते. ते ‘रीअॅब्सॉर्ब’.

हा शब्द सगळ्यात जास्त भेटतो तो मूत्रपिंडाच्या धड्यात, आणि तिथे तो अगदी चपखल आहे. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते. उरलेलं सगळं सूक्ष्म नलिकांमधून रक्तात परत जातं. पाणी, सोडियम, ग्लुकोज रक्तातलंच, बाहेर पडलं आणि माघारी आलं. म्हणून वाक्यरचना अशी असते: ‘ग्लुकोज इज रीअॅब्सॉर्ब्ड फ्रॉम द ट्यूब्यूल इंटू द ब्लड’. कुठून ते ‘फ्रॉम’, कुठे ते ‘इंटू’, आणि कर्ता सांगायचाच असेल तर ‘बाय’. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती परत घेणाऱ्या प्रथिनांची क्षमता अपुरी पडू लागते आणि साखर लघवीत उतरते. अशा वेळी ‘फेल्स टू बी रीअॅब्सॉर्ब्ड’ असं लिहितात.

आतड्यात दोन्ही शब्द शेजारी-शेजारी चालतात, आणि फरक तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो. आपण खाण्यापिण्यातून दिवसाला सुमारे २ लिटर पाणी घेतो. लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून शरीर स्वतःच सुमारे ७ लिटर द्रव आतड्यात सोडतं. काटेकोर लिहिणारा पहिल्या २ लिटरांसाठी ‘अॅब्सॉर्ब’ म्हणेल आणि दुसऱ्या ७ लिटरांसाठी ‘रीअॅब्सॉर्ब’. जेवणातलं प्रथिन ‘रीअॅब्सॉर्ब’ होतं असं लिहिलं तर ती चूकच.

याच भागात दोन जवळचे शब्द गोंधळात टाकतात. एक ‘रिसॉर्ब’. हाड किंवा दात यांसारखी घडलेली ऊती पेशींनी विरघळवली की हा वापरतात. दुधाचा दात पडतो तेव्हा त्याला मूळ जवळजवळ नसतं, कारण खालून येणाऱ्या दातामुळे ते ‘रिसॉर्ब’ झालेलं असतं. दुसरा ‘रीअपटेक’. मेंदूत सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) सोडणारी पेशी ते परत उचलते त्याला शास्त्रीय लेखनात हाच शब्द आहे. लोकांसाठीच्या लेखांत तिथे ‘रीअॅब्सॉर्ब’ लिहितात, ते चालतं, पण परीक्षेत लिहू नका.

मार लागून रक्त साकळलं असेल तर डॉक्टर म्हणतात, ‘इट विल रीअॅब्सॉर्ब ऑन इट्स ओन’. इथे कर्म नाही, क्रियापद अकर्मक झालंय. याचं मराठी ‘पुनःशोषण’ करू नका. आपल्याकडे गाठ जिरते, सूज ओसरते. ‘आपोआप जिरेल’ हे त्या वाक्याचं नेमकं भाषांतर.

प्रकाशाच्या बाबतीत अर्थ तोच. स्वतः प्रकाश सोडणाऱ्या (फ्लुओरेसंट) रंगद्रव्याच्या दाट द्रावणात एका रेणूने सोडलेला प्रकाश शेजारचा तसाच रेणू गिळतो. त्यात कमी तरंगलांबीचा भाग जास्त गिळला जातो, म्हणून बाहेर दिसणारा प्रकाश तांबड्याकडे सरकतो. द्रावण पातळ केलं की हा दोष कमी होतो.

आता नोकरी. ‘द लेड-ऑफ वर्कर्स वेअर रीअॅब्सॉर्ब्ड इंटू द वर्कफोर्स’, म्हणजे काम गेलेल्यांना कुठे ना कुठे परत काम मिळालं. जागा तीच असेल असं हा शब्द सांगत नाही. बडतर्फ माणसाला त्याच पदावर परत घेतलं तर ‘रीइन्स्टेट’. कंत्राटी कामगाराला पहिल्यांदाच कायम केलं तर ‘अॅब्सॉर्ब’ किंवा ‘रेग्युलराइज’. प्रतिनियुक्तीवर गेलेला अधिकारी मूळ खात्यात परतला तर आपल्या सरकारी इंग्रजीत ‘रीपॅट्रिएट’. अर्जात किंवा न्यायालयीन कागदात हे शब्द एकमेकांच्या जागी घातले तर मागणीच बदलते, तेव्हा तिथे खास जपा. मराठीत ‘पुन्हा सामावून घेणे’ हे सरळ आणि पुरेसं आहे.

कंपन्यांच्या बातमीत वेगळी झालेली शाखा मूळ कंपनीत परत विलीन होते. घरगुती स्मार्ट उपकरणं बनवणारी ‘नेस्ट’ कंपनी गूगलने २०१४ मध्ये घेतली, २०१५ मध्ये ती अल्फाबेट या गूगलच्या पालक कंपनीखाली स्वतंत्र कंपनी झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा गूगलमध्ये गेली. हे ‘रीअॅब्सॉर्ब’चं नमुनेदार उदाहरण. इथे शब्दाला एक छटा चिकटते: लहानाचं वेगळेपण मोठ्यात नाहीसं झालं. म्हणूनच प्रदेशांबद्दल लिहिताना सांभाळा. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीपासून वेगळं काढलेलं, फ्रान्सच्या सीमेवरचं सारलँड १ जानेवारी १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत आलं, तेही तिथल्या जनतेने १९५५ च्या सार्वमतात वेगळ्या दर्जाचा प्रस्ताव फेटाळल्यानंतर. त्याला ‘रीअॅब्सॉर्ब्ड’ म्हटलं तर लोकांची इच्छा बाजूला पडून गिळंकृत केल्यासारखं वाटतं. ‘रीइंटिग्रेटेड’ किंवा नुसतं ‘जॉइन्ड’ बरं.

लिहिताना एवढं पाहा: स्पेलिंगमध्ये मध्ये जोडरेघ नको, आणि नाम करताना शेवटच्या ‘ब’चा ‘प’ होतो, रीअॅब्सॉर्प्शन. पुढे ‘अगेन’ लावू नका, ‘री’मध्ये ते आलंच.