फलालीन आणि फ्लॅनेल एकच का? हो, एकच

तुम्ही विचारलंय की आजी बाळाच्या दुपट्याला फलालीनचं म्हणते आणि दुकानदार फ्लॅनेल म्हणतो, तर दोन्ही एकच का आणि फलालीन हा फारसी शब्द आहे का. एकच आहेत आणि फारसीशी काही संबंध नाही, फलालीन हा इंग्रजी फ्लॅनेलवरूनच झालाय. प्लॅटफॉर्मचं आपल्याकडे फलाट झालं ना, तसाच इथे फ्ल चा फल झाला आणि पुढे न आणि ल नी जागा बदलल्या, नुकसानचं नुसकान होतं तसं. त्यामुळे आजीला कृपया कोणी सुधारायला जाऊ नका, चांगला मुरलेला मराठी शब्द आहे तो.

इंग्रजीत फ्लॅनेल बहुधा वेल्शमधून, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सच्या भाषेतून आला. वेल्शमध्ये ग्व्लान म्हणजे लोकर आणि ग्व्लानेन म्हणजे लोकरीचं कापड. इंग्रजीच्या बोलींमध्ये फ्लॅनेन असं न ने संपणारं रूपही होतं, ते बघितलं की दुवा पटतो. जुन्या फ्रेंचमधल्या फ्लेन शब्दाकडे बोट दाखवणारेही आहेत, पण आजचा फ्रेंच फ्लानेल इंग्रजीतूनच तिकडे गेलाय आणि ह्या कापडाचं माहेर वेल्स, म्हणून मी वेल्शच्याच बाजूने. तिथलं न्यूटाउन गाव ह्याच धंद्यावर वाढलं, आणि १९व्या शतकात तिथल्या प्राइस जोन्स नावाच्या कापडवाल्याने पोस्टाने फ्लॅनेल विकायला सुरुवात केली तर गिऱ्हाइकांत खुद्द व्हिक्टोरिया राणी होती.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. वेल्शमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या जुन्या व चा ग्व होतो, म्हणजे आपली विधवा तिकडे ग्वेदू. मग ग्व्लान मधला ग बाजूला काढा, उरलं व्लान, आणि हा शब्द म्हणजे लॅटिन लाना, इंग्रजी वूल आणि संस्कृत ऊर्णा ह्यांचा सख्खा भाऊ. जाळं विणणाऱ्या कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात त्यातली ऊर्णा, नाभीतून लोकर काढणारा तो! दुपटं आणि कोळी एका घरातले निघाले, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

अर्थाबद्दल थोडं. मूळ कापड लोकरीचं, सैल विणलेलं, वरून घासून लव उठवलेलं. बाळाचं असतं ते सुती, फक्त लव तीच. कापड उजेडात तिरकं धरून बघा, वर बारीक धुकं असल्यासारखं दिसतं आणि विणीचे धागे नीट दिसत नाहीत, तर ते फ्लॅनेल. चौकड्यांचा शर्ट म्हणजे फ्लॅनेल हा समज अमेरिकेतून आलाय, चौकडीचा काही संबंध नाही. ब्रिटनमध्ये तोंड पुसायच्या छोट्या फडक्यालाही फ्लॅनेलच म्हणतात.

आणि दुपटं घरी शिवणार असाल तर कापड आधी भिजवून वाळवून घ्या, सुती फलालीन पहिल्या धुण्यात चांगलं आटतं.