मुद्दाम स्लो केलेलं नेट परत नीट कसं करायचं?

प्रश्न: मी एक अ‍ॅप बनवतोय, ते खराब नेटवर कसं चालतं बघायला लिनक्सवर टीसी (नेटचा ट्रॅफिक कंट्रोल करायची कमांड) वापरून २०० मिलिसेकंद डिले आणि १ एमबिट रेट लावला. पण डाउनलोड अजून फास्टच आहे, आणि आकडा बदलायला परत अ‍ॅड केलं तर 'फाइल एक्झिस्ट्स' असं येतं. आता हे सगळं काढायचं कसं?

उत्तर: आधी काढायचं बघू. सुडो लावून टीसी क्यूडिस्क डेल डेव्ह, पुढे इंटरफेसचं नाव आणि शेवटी रूट, एवढीच कमांड (क्यूडिस्क म्हणजे बाहेर जाणाऱ्या पॅकेट्सची रांग, रूट म्हणजे तिची मुळाची जागा). नाव तेच द्यायचं ज्यावर लावलं होतं, बरेच जण वायफायवर लावतात आणि इथरनेटवरून काढत बसतात, मग 'हँडल ऑफ झिरो' असलं काहीतरी येतं, म्हणजे त्या इंटरफेसवर काढण्यासारखं काही नाहीच. टीसी क्यूडिस्क शो केलं की नेटेम (टीसीमधला डिले, लॉस लावणारा भाग) कुठे बसलंय ते लगेच दिसतं. काढल्यावर जुनी डिफॉल्ट रांग आपोआप परत येते. आणि काहीच जमलं नाही तर रीबूट करा, या सेटिंग्ज रीबूटनंतर राहत नाहीत (कोणी स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाकून ठेवल्या नसतील तर!).

ती एरर येते कारण रूटवर एक क्यूडिस्क आधीच बसलेला आहे, त्यामुळे अ‍ॅड नाही, चेंज किंवा रिप्लेस वापरायचं. मी तर पहिल्यापासूनच रिप्लेस लिहितो, डोक्याला ताप नाही. नव्या कर्नलवर हीच एरर 'एक्सक्लुझिव्हिटी फ्लॅग ऑन' अशी दिसते, घाबरू नका.

आता डाउनलोडचं. नेटेम फक्त मशीनमधून बाहेर जाणाऱ्या पॅकेट्सवर चालतं, म्हणून तुमचा अपलोड रडतोय आणि डाउनलोड मजेत आहे. येणारा ट्रॅफिक अडवायचा तर तो आधी आयएफबी नावाच्या खोट्या इंटरफेसकडे वळवायचा आणि त्याच्यावर नेटेम लावायचं, नाहीतर सरळ समोरच्या सर्व्हरवरच लावा, ते सोपं पडतं. लोकलहोस्टवर (स्वतःच्याच मशीनवर) टेस्ट करत असाल तर एक गंमत आहे, तिथे जाणारं आणि येणारं दोन्ही एलओ (मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस) मधूनच बाहेर पडतं, त्यामुळे १०० मिलिसेकंद लावले की पिंगमध्ये २०० दिसतात.

आणि सर्व्हर लांबचा असेल, एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) लावत असाल तर लॉस १०० टक्के (म्हणजे सगळी पॅकेट्स गाळायची) टाकायच्या आधी दहा वेळा विचार करा, कारण सर्व्हरचं उत्तरच तुमच्यापर्यंत येणार नाही आणि परत लॉगिनही करता येणार नाही. मी आधी बॅकग्राउंडला स्लीप १२० आणि त्यामागे डेल अशी कमांड सोडतो, मगच लावतो, दोन मिनिटांनी आपोआप सुटका.

प्रश्न: मला फक्त वेबसाइट स्लो नेटवर बघायचीय, त्यासाठी एवढं सगळं करायचं का?

उत्तर: अजिबात नाही. क्रोममध्ये डेव्हटूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये थ्रॉटलिंग (नेटचा वेग मुद्दाम कमी करणं) निवडा, काम झालं. ते त्या टॅबपुरतंच असतं आणि डेव्हटूल्स बंद केलं की जातं. मॅकवर मात्र नेटवर्क लिंक कंडिशनर (नेट मुद्दाम स्लो करायचं अ‍ॅपलचं टूल) लावलं असेल तर ते अख्ख्या सिस्टिमला लागतं, ब्राउजर बंद करून काही होत नाही, सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन ऑफच करावं लागतं.