मुलाला स्पीडवे रायडर व्हायचंय

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, नोकरीमुळे पोलंडमध्ये व्रोत्सवाफला राहतो. बारा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर स्टेडियमवर स्पीडवे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यती, बघायला जातो आणि आता क्लबच्या प्रशिक्षण वर्गात घाला म्हणून हट्ट धरून बसलाय. यातच करिअर करणार म्हणतो. त्याच्या बाबांचा ठाम नकार आहे. काय करावं?

उत्तर : ताई, हा हट्ट त्याने सांगलीत धरला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं, कारण भारतात स्पीडवेची लीगच नाही. पोलंडची लीग मात्र या खेळातली सगळ्यात श्रीमंत. तिथल्याच बार्तोश झ्मार्झलिकने २०१९ ते २०२४ या काळात पाच जागतिक विजेतेपदं मिळवली. तेव्हा मुलाचं वेड हवेतलं नाही.

पण बाबांची भीतीही खरी आहे. या गाडीला ब्रेक नसतात. गिअर एकच, ५०० सीसीचं इंजिन मिथेनॉलवर चालतं. चौघांनी चार फेऱ्या मारायच्या, मिनिटभरात शर्यत संपते. वळण नेहमी डावीकडे, पण पुढचं चाक उजवीकडे वळलेलं असतं. मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि डाव्या बुटाला चढवलेला पोलादी तळ मातीवर घासत गाडी तोलायची. रायडरच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पडला की ती गाडीपासून सुटते आणि इंजिन बंद पडतं. वळणावर हवा भरलेली कुंपणं असतात. तरीही ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड २०१५ मध्ये पोलंडमध्येच पडला आणि त्याचं चालणं कायमचं गेलं. हे मुलापासून लपवू नका.

दुसरी बाजू पैशाची, आणि तिच्याबद्दल पालक फारसं विचारतच नाहीत. शर्यतीत पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ गुण, शेवटच्याला काहीच नाही. लीगमधली कमाई बरीचशी याच गुणांवर ठरते. मोठ्या पातळीवर गाड्या, मेकॅनिकचा पगार, इंजिनाचं काम, व्हॅनचं डिझेल हे सगळं रायडरनेच बघायचं. म्हणजे तो नोकरदार नसतो, स्वतःचा छोटा धंदा चालवत असतो. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. मोडलेलं हाड जुळेपर्यंत गुण नाहीत, म्हणजे मिळकतही नाही. अमेरिकेचा ग्रेग हॅनकॉक ४६ व्या वर्षी जगज्जेता झाला, पण त्याच्यासारखे फार थोडे.

माझं मत विचाराल तर वर्गात घाला, करिअरचं मात्र आत्ता बोलू नका. या वयात छोट्या इंजिनाच्या गाड्यांवर सुरुवात होते. २५० आणि मग ५०० सीसी पुढची गोष्ट. तिथले क्लब शिकणाऱ्या मुलांना बहुतेकदा गाडी आणि साहित्य देतात, त्यामुळे स्वतःची गाडी घेण्याची घाई नको. कर्ज तर मुळीच काढू नका.

तो जिंकतो किती, याकडे पहिलं वर्षभर बघूच नका. पडल्यावर दुसऱ्या दिवशी सरावाला जायला तयार असतो का? चिखलाने माखलेली गाडी स्वतः धुतो का? ट्रॅक ओला असताना मागच्या चाकाची दातेरी चकती का बदलतात, हे मेकॅनिकला विचारतो का? वर्कशॉपमध्ये रमला तर इंजिन ट्यूनिंग आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंगची वाटही याच खेळातून निघते. म्हणून गणित आणि पदार्थविज्ञान सुटता कामा नये. शाळेतले गुण घसरले तर सराव कमी, ही अट आधीच घाला.

क्लबमध्ये जाताना बाबांना सोबत न्या आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. अपघात विमा किती रकमेचा आणि त्यात पुनर्वसन धरलंय का? सरावाला डॉक्टर किंवा रुग्णवाहिका हजर असते का? आणि तिसरी गोष्ट तुमच्यासाठी फार महत्त्वाची : वरच्या लीगमध्ये प्रत्येक संघात २१ वर्षांखालच्या स्थानिक खेळाडूंसाठी जागा राखीव असतात; भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाला त्या मिळतात का, हे लेखी घ्या. उत्तर नकारार्थी आलं तर वर्ग बंद करायची गरज नाही, पण पुढची गुंतवणूक त्या कागदावर ठरेल.