चालू सर्व्हरची मेमरी तपासताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (लातूर) : सोयाबीन आणि तुरीचे भाव दाखवणारं आमचं नोडचं (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) ॲप २ जीबी रॅमच्या सर्व्हरवर चालतं. हंगामात मेमरी चढत जाते आणि संध्याकाळपर्यंत ॲप बंद पडतं. सर्व्हर न थांबवता हीप स्नॅपशॉट (हीप म्हणजे ॲपचे ऑब्जेक्ट जिथे राहतात ती मेमरी, तिची त्या क्षणाची नोंद) घेता येईल का? एकदा प्रयत्न केला तर ॲपच बंद पडलं.

उत्तर : येईल, पण सोय ॲप सुरू करतानाच करून ठेवा. नोडला 'हीपस्नॅपशॉट-सिग्नल' हा पर्याय द्या आणि त्यात सिगयूएसआर२ लिहा. मग किल कमांडने त्या प्रोसेसला हा सिग्नल पाठवला, की ॲपच्या चालू फोल्डरमध्ये स्नॅपशॉटची फाइल येते. डेव्हलपमेंटच्या मशिनवर नोडमॉन (कोड बदलला की ॲप रिस्टार्ट करणारं साधन) असेल तर तिथे दुसरा सिग्नल निवडा. नोडमॉन रिस्टार्टसाठी हाच सिग्नल पाठवतो, त्यामुळे प्रत्येक 'सेव्ह'ला एक फाइल पडत राहील.

तुमचं ॲप त्या वेळी बहुधा स्नॅपशॉटमुळेच पडलं. स्नॅपशॉट तयार होताना हीपच्या साधारण दुप्पट मेमरी लागते. हीप ९०० एमबीवर गेल्यावर सिग्नल पाठवला तर २ जीबीत ते मावणार नाही, आणि लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस बंद करणारा भाग) सहसा सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्या प्रोसेसलाच मारतो. शिवाय फाइल लिहून होईपर्यंत इव्हेंट लूप (रिक्वेस्ट हाताळणारं नोडचं चक्र) पूर्ण थांबतो. हीप मोठा असेल तर हे मिनिटभरसुद्धा चालतं. तेवढ्या वेळात हेल्थ चेकला उत्तर मिळालं नाही, तर प्रोसेस मॅनेजर ॲप रिस्टार्ट करून मोकळा होतो आणि हातात अर्धवट फाइल उरते. म्हणून मेमरी फुगायची वाट पाहू नका. हीप लहान असतानाच, लिलावाची वेळ टाळून स्नॅपशॉट घ्या.

एका स्नॅपशॉटवरून फार काही कळत नाही, तीन घ्या. ॲप रिस्टार्ट करून पंधरा मिनिटं नेहमीचा ट्रॅफिक येऊ द्या, म्हणजे मॉड्यूल लोड होतात आणि कॅशे भरतात. मग पहिला घ्या. अर्ध्या तासाने दुसरा, आणखी अर्ध्या तासाने तिसरा. प्रत्येक स्नॅपशॉटच्या आधी व्ही८ (नोडचं जावास्क्रिप्ट इंजिन) स्वतः गार्बेज कलेक्शन करतं, म्हणजे कुणीच धरून न ठेवलेले ऑब्जेक्ट काढून टाकतं. त्यामुळे फाइलमध्ये जे दिसतं, त्याला कुणी ना कुणी अजून धरून ठेवलेलं असतं.

क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये मेमरी टॅबवर तिन्ही फाइल लोड करा. तिसरी निवडा, 'समरी'च्या जागी 'कंपॅरिझन' घ्या आणि तुलना दुसरीशी लावा. 'डेल्टा' रकान्यावर क्लिक करून मोठे आकडे वर आणा. वाढलेल्या गटातला एक ऑब्जेक्ट निवडला की खाली 'रिटेनर्स'मध्ये त्याला कोण धरून आहे त्याची साखळी दिसते. ही साखळी वाचणं हेच खरं काम. भाव दाखवणाऱ्या ॲपमध्ये ती बऱ्याचदा एखाद्या मॅपपाशी (नावाखाली नोंद साठवणारी रचना) संपते. त्या मॅपच्या 'की', म्हणजे नोंदींची नावं, उघडून बघा. 'सोयाबीन-लातूर' याच्यापुढे मिलिसेकंदांपर्यंतची वेळ चिकटलेली असेल, तर प्रत्येक रिक्वेस्ट नवी नोंद करते, जुनी पुन्हा कधीच वापरली जात नाही आणि कुणी ती काढतही नाही. 'की'मध्ये फक्त शेतमाल, बाजार आणि तारीख ठेवा आणि नोंदींना कमाल मर्यादा घाला. साखळी इव्हेंट एमिटरपाशी (घटना कळवणारा ऑब्जेक्ट) संपत असेल तर लॉगमध्ये एकाच इव्हेंटवर १०पेक्षा जास्त लिसनर (घटना ऐकणारी फंक्शन्स) झाल्याचा इशारा शोधा. हा इशारा बंद करण्यासाठी मर्यादा वाढवू नका, गळती (मोकळी न होता साठत जाणारी मेमरी) तिथेच असते.

वर्कर थ्रेड वापरत असाल तर मुख्य थ्रेडच्या स्नॅपशॉटमध्ये वर्करचा हीप येत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : वाळूजच्या एका कारखान्यात आमचं जावाचं सॉफ्टवेअर आहे, हीप ८ जीबी. हीप डंप (संपूर्ण हीपची फाइल) घेतला तर सगळ्यांच्या स्क्रीन अडकल्या. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आधी डंप नको, हिस्टोग्राम घ्या. 'जेसीएमडी' कमांडला प्रोसेसचा नंबर आणि 'जीसी.क्लास_हिस्टोग्राम' दिलं की कोणत्या क्लासचे किती ऑब्जेक्ट आणि किती बाइट ते दिसतं. यातही फुल जीसी (पूर्ण हीपचं गार्बेज कलेक्शन) होतो, म्हणजे थोडा थांबा आहेच, पण ८ जीबीची फाइल लिहावी लागत नाही. तासाच्या अंतराने दोन घ्या. वाढणारा क्लास तुमच्याच पॅकेजमधला असला तर कित्येकदा डंपची गरजच पडत नाही.

डंप लागलाच तर पाळी चालू असताना, गर्दी कमी असेल तेव्हा घ्या. पाळी बदलताना हजेरीच्या नोंदी एकदम येतात, तेव्हा टाळा. फाइल जेसीएमडी लिहीत नाही, ती जावाची प्रोसेस लिहिते. त्यामुळे पाथ त्या प्रोसेसच्या नजरेतून द्यायचा. कंटेनर असेल तर फाइल कंटेनरच्या आत पडेल, आणि त्या युजरला फोल्डरची परवानगी नसेल तर पडणारच नाही. डिस्कवर हीपएवढी जागा मोकळी आहे ना, हे आधी बघा. रूट पार्टिशन भरलं तर मेमरीचं दुखणं राहील बाजूला आणि डेटाबेस थांबेल. 'हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर' (मेमरी संपल्याची एरर आली की आपोआप डंप घेणारा) हा पर्याय मात्र कायम चालू ठेवा. एरर येईपर्यंत त्याचा काही भार नाही.

प्रश्न (नांदेड) : पायथनमध्ये ट्रेसमॅलॉक (मेमरी कोडच्या कोणत्या ओळीने घेतली ते नोंदवणारं मॉड्यूल) लावलं. प्रोग्रॅम मंदावला, आणि प्रोसेस ६०० एमबी घेत असताना ट्रेसमॅलॉक ९० एमबीच दाखवतं. चूक कुठे?

उत्तर : चूक नाही. ट्रेसमॅलॉक सुरू केल्यानंतर पायथनच्या ॲलोकेटरमधून जे मागितलं गेलं, तेवढंच ते मोजतं. आधी लोड झालेली मॉड्यूल आणि सी लायब्ररीने थेट घेतलेली मेमरी त्यात येत नाही. शिवाय मोठ्या ब्लॉकमधला एक छोटा ऑब्जेक्ट जरी जिवंत राहिला तरी पायथन तो पूर्ण ब्लॉक ऑपरेटिंग सिस्टिमला परत करत नाही.

मंदपणा फ्रेमच्या, म्हणजे प्रत्येक नोंदीसोबत फंक्शन कॉलच्या किती पायऱ्या साठवायच्या त्या संख्येवर अवलंबून असतो. डीफॉल्ट १ फ्रेम आहे. तुम्ही २५ दिल्या असतील तर आधी १वर आणा, गळतीची ओळ सापडली की तेवढ्यापुरत्या वाढवा. कायम चालू ठेवू नका. एका सिग्नलवर 'स्टार्ट', दुसऱ्यावर स्नॅपशॉट, अशी सोय करा. दोन स्नॅपशॉट घेऊन 'कंपेअर_टू'मध्ये ओळींनुसार फरक काढा. 'स्टॉप' शेवटी. ते केलं की जमलेल्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून स्नॅपशॉट त्याआधी हातात हवा.

प्रश्न (परभणी) : स्नॅपशॉटची फाइल बाहेरच्या डेव्हलपरला मेल करू का?

उत्तर : नको. मेमरीतला मजकूर त्यात जसाच्या तसा असतो : पासवर्ड, लॉगिन टोकन, शेतकऱ्यांचे आधार आणि खाते क्रमांक. आपल्याच फाइलमध्ये ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) एखादा मोबाइल नंबर शोधून बघा. फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा आणि डेव्हलपरला स्क्रीन शेअर करून दाखवा. पाठवावीच लागली तर बनावट डेटा भरलेल्या टेस्ट सर्व्हरवर तीच गळती घडवून तिथला स्नॅपशॉट पाठवा. मूळ फाइल काम झालं की सर्व्हरवरून आणि स्वतःच्या लॅपटॉपवरूनही काढून टाका.