.२२ पिस्तुलाची पहिली गोळी वर जाते, ग्रुप (टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका) पसरतो. बॅरल बदलू का?

बॅरलच्या खर्चात एवढ्यात पडू नका. २५ मीटरवर पाचातली पहिली गोळी हमखास वर, बाकीच्या चार बशीएवढ्या पसरलेल्या, असं तुम्ही लिहिलंय. मी जळगावचा, अशाच सेमी-ऑटोवर बरीच वर्षं नेम धरतोय. माझ्या मते ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिल्या गोळीचं आधी. ती तुम्ही हातानं भरता, पुढच्या चार पिस्तूल स्वतः भरतं. स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) हातानं धरून हळूच पुढे सोडली की काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या खोबणीत, वेगळं बसतं, कधी स्लाइडही पूर्ण मिटत नाही. पूर्ण मागे ओढा आणि सरळ सोडून द्या. जपून सोडायची सवय माझीही होती, ती मोडायला महिना गेला.

आता पसरण्याचं. दोष हाताचा की पिस्तुलाचा, हे आधी ठरवा. वाळूच्या पिशवीवर मनगट आणि ग्रिप टेकवा, बॅरल किंवा स्लाइड नको. मग पाच-पाचचे चार ग्रुप मारा. प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. टेकून मारताना सगळ्या गोळ्या त्यात बसत असतील तर पिस्तूल निर्दोष आहे. मग ट्रिगर दाबताना मनगट हलतंय का ते बघा.

टेकूनही पसरत असेल तर काडतुसं बदलून बघा. .२२ पिस्तुलं फार लहरी असतात, एकाच कंपनीचे दोन लॉटसुद्धा वेगळे पडतात. हाय व्हेलॉसिटीच्या (जादा वेगाच्या) काडतुसांच्या नादी लागू नका, टार्गेट पिस्तुलाला साधा वेगच मानवतो. काडतूस बदललं की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नका, बॅरलमध्ये आधीच्या गोळ्यांचं वंगण असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. शिशाच्या गोळीवरचं मेणासारखं वंगण तापलेल्या गाडीत पाघळतं, त्यावर धूळ चिकटते आणि ती चेंबरच्या तोंडाशी साचते. (परवान्याचा माल गाडीत सोडायचाच नसतो, ते वेगळं.)

मग स्क्रू. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं असल्याची खात्री करा आणि मागची साइट (नेम धरायची खाच) बोटानं हलवून बघा. एकदा पुण्याला स्पर्धेत माझे दोन वेगळे पुंजके पडत होते, एक आठाच्या वर्तुळात डावीकडे, एक मधोमध. रात्रभर बसच्या धक्क्यांत साइटचा स्क्रू सैल झाला होता. घरी आल्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका त्याच्या डोक्यावर लावला. ठिपका तडकला की स्क्रू फिरला, असं लगेच कळतं. ग्रिपचे स्क्रूही बघाच.

ट्रिगरच्या आत कानस मात्र अजिबात लावू नका. स्पर्धेत ट्रिगर दाबायला किमान १००० ग्रॅम वजन लागलं पाहिजे अशी अट आहे, आणि झिजलेला सीअर (ट्रिगर दाबेपर्यंत घोडा अडवून धरणारा भाग) आपोआप दोन गोळ्या सोडू शकतो. एवढं करूनही टेकून मारलेला ग्रुप पसरत राहिला, तर परवानाधारक गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) जा. जाताना चारही ग्रुपचे टार्गेट-कागद सोबत न्या, प्रत्येकावर काडतुसाचा लॉट नंबर लिहून.