धाप लागेपर्यंत पळू नका

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांचा, आयटीत आहे, दिवसभर खुर्ची. ऑफिसातली पोरं दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतात, मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा वीस मिनिटांत खाली बसलो. म्हणून रनिंग सुरू केलं, तर दहा मिनिटांत धाप, आठवड्यात बंद. असं तीनदा झालंय. माझा स्टॅमिना वाढणारच नाही का? (पुणे)

उत्तर : वाढणार हो दादा, नक्की वाढणार. तुमचं एकाच ठिकाणी चुकतंय, तुम्ही फार जोरात पळताय. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांचं हेच असतं, धाप लागली, घाम निथळला तरच व्यायाम झाला असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, आणि मग दहा मिनिटांत जीव नको होतो, दुसऱ्या दिवशी पिंढऱ्या दुखतात, तिसऱ्या दिवशी बूट कोपऱ्यात.

आधी शरीरात काय होतं ते सांगते. आरामात पण बराच वेळ चाललात की हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, पायाच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात, ऑक्सिजन वापरून ताकद तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात. याला मिनिटं लागतात, भरपूर मिनिटं. तुम्ही दहा मिनिटांत संपताय म्हणजे ती मिनिटं मिळतच नाहीयेत.

तुमच्या वयाला हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती याचा अंदाज काढायचा तर २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचे, म्हणजे साधारण १७८. आरामाच्या वेगाला त्याच्या ६५ ते ७० टक्के धरले तर ११५ ते १२५. हा अंदाजच आहे, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडेतिकडे होतात, त्यामुळे घड्याळापेक्षा माझा भरवसा तोंडावर. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये, तो तुमचा वेग. सुरुवातीला हा वेग पळण्याचा नसेलच, भरभर चालण्याचा असेल, आणि त्यात कमीपणा काहीही नाही.

आठवड्यात चार दिवस ३५-४० मिनिटं असं चाला. चार आठवडे फक्त हेच, मोह झाला तरी पळायचं नाही. मग एक दिवस चढाचा ठेवा, पर्वती जवळ असेल तर तिच्या १०३ पायऱ्या, नाहीतर बिल्डिंगचा जिना, चढताना दमदार आणि उतरताना अगदी सावकाश, आधी चार फेऱ्या मग सहा मग आठ. दोन दिवस स्क्वॅट आणि पिंढऱ्यांचे व्यायाम घाला कारण सिंहगडावर दम संपण्याआधी बऱ्याचदा मांड्याच संपतात. आणि पुन्हा गडावर जाल तेव्हा पोरांच्या मागे धावू नका, साडेपाचशे-सहाशे मीटरचा चढ आहे तो, पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम हळू चढा, मग बघा तुम्हीच कुणाला तरी मागे टाकाल. वर पिठलं-भाकरी खाल्लीत की उतरायची घाई करू नका, गुडघ्यांना खरा मार उतरतानाच बसतो.

एक अट मात्र आहे. चाळिशी उलटलीय, बैठं काम आहे, तेव्हा सुरू करण्याआधी बीपी, शुगर आणि ईसीजी करून घ्या, घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

प्रश्न : वय ५८, बीपीची गोळी चालू आहे, गुडघे कुरकुरतात. मुलाने घड्याळ दिलंय, त्यात दहा हजार पावलं होत नाहीत आणि कितीही भरभर चाललं तरी ठोके ११० च्या वर जात नाहीत. म्हणजे चालणं वाया जातंय का? (नाशिक)

उत्तर : अजिबात नाही काकू. गोळीच्या पाकिटावर अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल असं काही आहे का बघा. या जातीच्या गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत, त्यांचं कामच ते. म्हणून ठोक्यांचा आकडा तुमच्यासाठी नाहीच, आणि आकडा वाढावा म्हणून गोळी बंद तर मुळीच करायची नाही. तुम्हीही बोलण्याचीच खूण धरा, गप्पा मारता येतायत पण अभंग म्हणता येत नाहीये, मग बरोबर चाललंय.

दहा हजारांचं ओझं उतरवा आधी. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘मानपोकेई’ म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, तिथून तो आकडा जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटना सांगते ते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, बस.

जपानमधलंच एक तंत्र तुम्हाला छान बसेल, शिन्शू विद्यापीठातल्या लोकांनी मध्यमवयीन आणि वयस्कर माणसांवर करून पाहिलेलं. तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं हळू, असं पाच वेळा, आठवड्यात चार दिवस. त्यांच्यात मांड्यांची ताकद वाढली, वरचं बीपीही उतरलं. गुडघे फारच बोलले तर तेच सायकलवर करा. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं रोज दहा वेळा, गुडघ्याला खरा आधार मांडीचाच असतो.

प्रश्न : मी एसटीत ड्रायव्हर, रोज आठ-नऊ तास स्टिअरिंगवर, कधी रात्रीचा मुक्काम. जिमला वेळ कुठून आणू? (कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : दादा, हालचाल आणि हृदयविकार हा विषय तुमच्याच धंद्यातून सुरू झालाय. १९५३ मध्ये लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना छापली. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. म्हणून तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली.

जिम नकोच. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी हवीत असं सांगायचे, २०२० पासून तीही अट गेली, तुकडे चालतात. प्रत्येक स्टँडवर गाडी लागली की चहाच्या आधी स्टँडला दोन भरभर फेऱ्या, मुक्कामाच्या गावी पोचल्यावर वीस मिनिटं, सुट्टीच्या दिवशी तासभर.

आणि गाडी चालवताना छातीवर दडपण आलं, जबड्यात किंवा हातात कळ गेली, गार घाम फुटला तर ‘पुढच्या स्टँडपर्यंत नेतो’ म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, कंडक्टरला सांगा, १०८ लावा.